खोपीतलं विमान

धाकू मेस्त्रींबद्दल मी आजवर तीन पत्रकांत लिहिलं आणि तिन्ही वेळा चुकीचं लिहिलं. पहिल्या पत्रकात ते 'पारंपरिक होडी-कारागीर' होते, दुसऱ्यात 'सुशोभीकरणाचे बाधित' झाले आणि तिसऱ्यात मी त्यांना 'आमच्या लढ्याचे ज्येष्ठ आधारस्तंभ' करून टाकलं. तिसरं पत्रक वाचून त्यांनी मला बोलावून घेतलं. खोपीच्या मधल्या खांबावर बोटाने टकटक केली आणि म्हणाले, "बाय, आधारस्तंभ ह्यो. फणसाचो आसा. मी सुतार."

ही खोप तारकर्लीच्या अलीकडे, सुरूच्या बनाला लागून होती. फणसाचे आठ खांब, वर माडाच्या विणलेल्या चुडतांचं छप्पर आणि समुद्राकडची बाजू सताड उघडी. मेस्त्रींनी जन्मभर तिथे लाकडी होड्या बांधल्या. पुढे फायबरच्या होड्या आल्या, लाकडाचं गिऱ्हाईक आटलं, आणि शेवटची होडी खोपीतून पाण्यात गेली त्याला बरीच वर्षं झाली. तरी मेस्त्री रोज सकाळी चहा पिऊन खोपीत जाऊन बसायचे, दुपारी जेवायला घरी यायचे, पुन्हा जायचे.

मग नोटीस आली. किनाऱ्याचं सुशोभीकरण होणार आणि खोपीच्या जागी पर्यटकांच्या गाड्या लावायला फरशी बसणार. खोपीत होडीबांधणीचं काम चालू असेल तर ती राहील, नसेल तर मालकाने आपल्या खर्चाने काढून न्यावी, आणि काम चालू आहे की नाही ते पंचनाम्यात ठरेल. चोरपणा बघा! एखाद्याचा धंदा बसू द्यायचा, बसताना वीस वर्षं कोणी फिरकायचं नाही, आणि मग एक दिवस कागद घेऊन यायचं आणि विचारायचं, धंदा कुठाय, दाखव.

किनाऱ्यावरच्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या आमच्या समितीने ही खोप वाचवायचं काम माझ्याकडे दिलं. मला ते सोपं वाटलं होतं. पंचनाम्याच्या दिवशी खोपीत टेकूंवर एक होडी असली पाहिजे, मेस्त्रींच्या हातात लाकूड तासायचा वाकस असला पाहिजे, बस्स. एवढंच त्यांना सांगायला मी पहिल्यांदा गेले, तेव्हा ते मांडीवर एक रंगीत खोका घेऊन बसले होते. खोक्यावर विमानाचं चित्र होतं. शेजारच्या होमस्टेत उतरलेल्या कोणा पाहुण्याने रिमोटवर उडणाऱ्या विमानाचं सुटं सामान, जोडणीच्या पुस्तकासकट, आणलं होतं, दोन तुकडे चुकीचे चिकटवले, शेपटीच्या काड्या मोडल्या आणि कंटाळून सगळं कचऱ्यात टाकून गेला. मेस्त्रींनी ते उचलून आणलं होतं. सरकारी नोटीस वाऱ्याने उडू नये म्हणून त्या खोक्याच्या खाली ठेवलेली होती.

"इंग्लिश वाचतंस?" त्यांनी मला पहिला प्रश्न हा विचारला.

"वाचतंय. पण काकानू, ही नोटीस मराठीत आसा, ती आधी—"

"नोटीस काय म्हणता तां माका ठावक आसा. खोप काढ म्हणता. ह्यां पुस्तक काय म्हणता तां ठावक नाय. जां ठावक नाय तां आधी वाच."

मी वाचलं. न वाचून करते काय? मेस्त्रींना नाही म्हणणं कठीण नव्हतं, त्यांच्या पुढच्या प्रश्नातून सुटणं कठीण होतं. तुम्ही काहीही सांगा, ते ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "आणि मगे?" मोटर पंखा फिरवते. आणि मगे? पंखा हवा मागे ढकलतो. आणि मगे? विमान पुढे जातं. आणि मगे? तिसऱ्या-चौथ्या 'मगे'ला माझं बी.ए. संपायचं. मी फोनवर व्हिडिओ शोधून द्यायचे. ते फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरून बघायचे आणि मध्येच थांबवून विचारायचे, "हेच्या हाताक ह्यां काय लागलां? सरस काय?" नोटीस बजावायला आलेल्या शिपायालाही त्यांनी असंच गाठलं होतं. मोटारसायकल नुसतं बटण दाबून चालू होते ती कशी, हे त्या बिचाऱ्याला अर्धा तास सांगावं लागलं, आणि जाताना तो बजावल्याची सही घ्यायला विसरला. पुन्हा यावं लागलं त्याला.

खोक्यातलं लाकूड त्यांनी हाताळलं ते मला आठवतं. बाल्सा नावाचं पांढरट, हलकं लाकूड. त्यांनी एक पट्टी तळहातावर घेतली, मग गालाला लावली, कानाशी धरून टिचकी मारली. शेवटी चावली.

"ह्यां लाकूड न्हय," ते म्हणाले. "कुरमुरे आसत."

काकी, म्हणजे त्यांची बायको, घराच्या पायवाटेवरून येत होती. तिने लांबूनच ओरडून सांगितलं, "जेवूक हाका मारून माझो गळो सुकलो, आणि तुम्ही थय लाकडां खातास!"

मेस्त्रींच्या डाव्या हाताची करंगळी अर्धी होती. तरुणपणी वाकस चालवताना गेली. त्यामुळे त्यांची वीत इतरांच्या वितीहून आखूड, आणि त्यांनी बांधलेली प्रत्येक होडी त्याच वितीने मापलेली. दुसऱ्या सुताराने त्यांच्या होडीची नक्कल करायला घेतली की ती हटकून लांबायची. ही हकिगत मला बाबलने सांगितली. बाबल हा शेजारचा मच्छीमार, त्याचा बाप मेस्त्रींच्या हाताखाली काम करायचा, आणि मेस्त्रींना चिडवायचा हक्क बाबलने बापाकडून वारशाने घेतला होता.

मोडलेल्या काड्या नव्याने कापायच्या तर आधी कागदावर नमुना उतरवायला हवा. एका सकाळी मी गेले तर मेस्त्री कात्रीने कागद कापत होते आणि कागद माझा होता. खोप वाचवा म्हणून छापलेलं दुसरं पत्रक! मी गावात वाटायला त्यांच्याकडे ठेवलेला अख्खा गठ्ठा.

"काकानू! ह्या कागदार आमची मागणी आसा!"

"आसा ना. वाचलंय मी. दोनदा वाचलंय, मगे कापलंय." कात्री चालूच. "कागद बरो आसा, जाड. पण तुझी तिसरी ओळ खोटी आसा."

तिसऱ्या ओळीत मी लिहिलं होतं, 'शेकडो हातांना रोजगार देणारी ही खोप'.

"शेकडो हात?" ते म्हणाले. "हय मी होतंय आणि बाबलचो बापूस होतो. चार हात. तेतूरलां अर्धां बोट कमी."

मी म्हटलं, पत्रकात असं लिहावं लागतं. त्यांनी विचारलं, "कित्याक?" मी उरलेली पत्रकं गोळा करायला लागले, कारण ह्या 'का'च्या मागून काय येणार ते मला माहीत होतं.

विमान त्यांनी होडीच्या भाषेत समजून घेतलं. आमच्याकडच्या जुन्या होड्यांना एका बाजूला उलांडी असते, म्हणजे होडी कलंडू नये म्हणून आडव्या दांड्यांना बांधलेला लाकडाचा ओंडका. पंख म्हणजे दोन्हीकडच्या उलांड्या, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवलं. शेपटीची उभी पट्टी म्हणजे सुकाणू, आणि रिमोट म्हणजे सुकाणूचा दांडा. आता होडीत सुकाणूचा दांडा डावीकडे लोटला की होडी उजवीकडे वळते. रिमोटची कांडी डावीकडे केल्यावर विमानही डावीकडेच वळणार, हे व्हिडिओत बघून ते हसले. "ह्यां शिकणां पोरांचां," म्हणाले, आणि शेपटीकडे जाणारी तार काढून त्यांनी उलट बाजूला जोडली. आता त्यांचं विमान कोणा वैमानिकाच्या बापाला चालवता आलं नसतं. आमच्या वाडीतल्या कोणाही म्हाताऱ्याला आलं असतं.

पण खरी चूक वजनात झाली. ती मला दिसत होती, कारण पुस्तक मी वाचत होते. बॅटरी नाकात बसवा, असं पुस्तकात चित्रासकट लिहिलेलं. पंखाखाली दोन बोटं धरून विमान उचललं तर नाक किंचित खाली झुकायला हवं. मी हे वाचून दाखवलं, एकदा मराठीत, एकदा मालवणीत. मेस्त्रींनी पुस्तकाकडे असं बघितलं जसं काकी बाजारच्या मसाल्याकडे बघते.

"नाळेर वजन?" नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. "बाय, होडी नाळेर जड झाली काय पयल्या लाटेत तोंड घालता. मगे वर येणा नाय. नाळ वर व्हयी. वजन पाठल्यान."

"काकानू, पण ही होडी न्हय."

"खंयच्याय गोष्टीक फुडल्यान हलकां आणि पाठल्यान जड व्हयां."

त्यांनी बॅटरी मागे सरकवली. मोडलेली शेपटी बाल्साची न करता फणसाची केली, कारण सगळा मार सुकाणू खातं आणि ते घट्ट हवं. पंखांवर चिकटवायचा रंगीत कागद काकीच्या इस्त्रीने ताणून बसवला. काम इतकं देखणं झालं होतं की मला वाईट वाटलं. त्या विमानाची शेपूट तुम्ही तिजोरीला कडी म्हणून लावली असती.

पहिल्या उड्डाणाला त्यांनी ओहोटीची सकाळ धरली, वाळू ओली आणि घट्ट असते म्हणून. होडी पाण्यात सोडताना करतात ते सगळं केलं. काकीने विमानाच्या नाकाला हळदकुंकू लावलं, नारळ फुटला. बाबलने, कोणी न सांगता, टोपी सारखी केली आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या मेस्त्रीन होडी सोडून इमान केल्यान, तां तू बघतंस..."

"व्हय म्हाराजा!" जाळी विणत बसलेले चार जण ओरडले.

"तां वर जायत तर जावंदे..."

"व्हय म्हाराजा!"

"पण खाली येताना आमच्या टकलार येवंदे नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाबलनेच ते पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकल्यासारखं कमरेतून फिरून हवेत फेकलं. विमान वर गेलं. नुसतं वर गेलं. नाक आभाळाकडे करत करत सरळ शेपटीवर उभं राहिलं, क्षणभर तिथेच विचार केल्यासारखं थांबलं आणि मागच्या मागे घसरत ओल्या वाळूत शेपटीने रुतलं. एक पंख मोडला. नाळ मात्र वर होती.

"मेस्त्रीनू," बाबल म्हणाला, "नांगर बरो पडलो हां!"

खरं सांगते, मला हायसं वाटलं. मनात म्हटलं, संपला हा खेळ, आता म्हातारा होडीला हात लावेल. पंचनाम्याची तारीख आलेली होती, हातात पंधरवडाही नव्हता. पण मेस्त्री वाळूत उकिडवे बसून रुतलेल्या शेपटीकडे बघत होते. त्यांना ना राग आला होता ना लाज वाटली होती. ते एवढंच म्हणाले, "पाठल्यान कित्याक इलां?"

पुढचे तीन दिवस त्यांनी हाच प्रश्न भेटेल त्याला विचारला. मला विचारला तेव्हा मी पुस्तकाचं तेच पान पुन्हा उघडून दाखवलं. त्यांनी पान बाजूला सारलं. "तां काय करूचां तां सांगता," ते म्हणाले. "कित्याक तां सांगणा नाय." पुस्तकाबद्दलची त्यांची ही तक्रार मला तेव्हा आडमुठेपणाची वाटली. नंतर घरी बसून सरकारी नोटीस पुन्हा वाचली, तर तिच्यातही काय करायचं ते होतं, कित्याक ते धड नव्हतं.

चौथ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले तर काकी मागच्या पडवीत पाटावर बसून बांगडे साफ करत होती आणि मेस्त्री तिच्यासमोर उभे होते. त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर एक अख्खा बांगडा आडवा तोललेला होता. बोटं अगदी डोक्याच्या जवळ, कल्ल्यांच्या जरा मागे. मागचा लांबलचक भाग नुसता हवेत, आणि तरी मासा पडत नव्हता.

"बघ," ते मला म्हणाले. आवाज अगदी हळू, जणू मासा उडून जाईल. "तोंडाकडे जड."

"गावलो मेलो खेळूक!" काकी म्हणाली. "त्यो बांगडो हडे घाला, माका कडी करूची आसा."

त्यांनी दुसरा घेतला. तोही तसाच. मग टोपलीतला एक पेडवा घेतला, तोही. प्रत्येक मासा बोटांवर पुढे झुकूनच थांबत होता. मेस्त्री खालच्या पायरीवर बसले, हात लुंगीला पुसले, आणि मग त्यांनी मला जे समजावलं ते मी जसंच्या तसं लिहिते.

"होडी पाण्याच्या वयर चलता. म्हणान तिची नाळ वर व्हयी. बांगडो पाण्याच्या भुतूर चलता, म्हणान तो तोंडाकडे जड. इमानाक वयर खंय आसा? तेच्या खाली वारो, वयर वारो, बाजूक वारो. तां वाऱ्याच्या भुतूर आसा. मी होडी बांधलंय. बांधूचो होतो बांगडो."

आणि ते हसले. जन्मभर जे बरोबर होतं ते इथे साफ चुकलं होतं, आणि बाजारात हवी ती वस्तू सापडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. मी समितीच्या बैठकांत चुकलेली माणसं पुष्कळ बघितली आहेत. आवाज चढतो, जुने विषय निघतात. हा माणूस दुपारपर्यंत खोपीत गेला, स्वतःच्या हातची फणसाची शेपूट त्याने करवतीने कापली आणि फेकून दिली.

"बोटार नाचयलेलो बांगडो तुम्हीच खावा," काकीने मागून ऐकवलं.

त्यांना विमान सुधारायला आठवडा लागला. त्या आठवड्यात मी माझं काम केलं. बाबलकडे त्याच्या बापाची जुनी लाकडी होडी माडाखाली पालथी पडली होती, मेस्त्रींनीच बांधलेली. पंचनाम्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही सहा जणांनी ती ओढत आणून खोपीत टेकूंवर उभी केली. बाबलने आजूबाजूला लाकडाचा भुसा पसरला. कौतुक वाटावं असं चित्र तयार झालं.

मेस्त्री आले. त्यांनी होडीवरून हात फिरवला, वाकून तळ बघितला, एका फळीवर टिचकी मारून ऐकलं. ओळखीच्या माणसाला बऱ्याच दिवसांनी भेटावं तसं. मग मला म्हणाले, "हिका कित्याक हाडलास? हिचां काय काम निघणा नाय. ही बरी आसा."

"काकानू, उद्या फक्त वाकस हातात धरा. बाकी बाबल बोलतलो."

"आणि साहेबान माका इचारल्यान, काय करतास, तर?"

"सांगा, होडी दुरुस्त करतंय."

"पण मी करत नाय."

मी चिडले. आवाज चढवला, कबूल करते. "खोप जातली काकानू! तुमका कळता काय? उद्या एक वाक्य बोललास नाय तर खोप जातली!"

"कळता," ते म्हणाले. "खोप माझीच आसा गो."

त्यांनी मधल्या खांबावर हात ठेवला. मग ते म्हणाले, "ह्या खोपीत मी कधी खोटी फळी लावलंय नाय. वरसून रंग मारलो तर गिऱ्हायकाक दिसणा नाय, पण मी लावलंय नाय. आता जाताजाता लावूक सांगतंस?"

मी मनात ठरवलं की उद्या त्यांना बोलूच द्यायचं नाही.

पंचनाम्याला आलेले तलाठी भाऊसाहेब वयाने माझ्याएवढेच, घामाघूम, फाइल छातीशी धरलेली. पंच म्हणून बाबल आणि आणखी एक जण. बाबलने आपलं काम चोख केलं. होडीची फळी कशी उकलली, मेस्त्री किती दिवस त्यावर राबतायत, असं सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं. भाऊसाहेब लिहायला बसले आणि लिहिता लिहिता त्यांनी सहज मान वर करून मेस्त्रींना विचारलं, "आजोबा, तुम्हीच करता ना हे काम?"

मेस्त्री उभे राहिले. साहेबाशी बोलताना ते शाळेतलं मराठी बोलायचे, एकेक शब्द इस्त्री केल्यासारखा. "साहेब, ही होडी बाबलची आहे. काल संध्याकाळी आणून ठेवली आहे. हिचे काम चालू नाही. काम ह्याचे चालू आहे." आणि त्यांनी आडोशाला गोणपाटाखाली झाकलेलं विमान बाहेर काढलं.

मी डोळे मिटून घेतले. बाबल मालवणीत काहीतरी पुटपुटला, ते लिहिण्यासारखं नाही.

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "हे उडतं?"

"बघूया," मेस्त्री म्हणाले. "तुमच्या हाताला जोर आहे. वाऱ्याच्या तोंडावर सरळ फेका. वर नको, सरळ."

आणि सरकारच्या त्या माणसाने फाइल माझ्या हातात दिली, बूट काढले, ओल्या वाळूत धावत गेला आणि विमान फेकलं. ते आधी खाली आलं. लाटेच्या पाण्याला टेकणार इतकं खाली. मग मेस्त्रींचा अंगठा हलला, आणि ते उचललं गेलं. सुरूच्या शेंड्यांएवढं वर गेलं, समुद्रावर गेलं, हळूच कललं आणि वळून आमच्या डोक्यावरून परत आलं. त्याच्या मोटरचा आवाज माशीएवढाच होता. जाळी विणणारे उठून उभे राहिले. बाबलने तोंडातला पान-तंबाखू थुंकला नाही, गिळला. भाऊसाहेब अनवाणी विमानाच्या सावलीमागे धावत होते आणि ओरडत होते, "आजोबा, डावीकडे! आता डावीकडे!" मेस्त्री कांडी उजवीकडे करत होते आणि विमान डावीकडे जात होतं. काकी पायवाटेवर पदराने सावली करून उभी होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी तिला काही न बोलता उभं राहिलेलं बघितलं.

चार फेऱ्या मारून ते वाळूवर पोटावर घसरत उतरलं. भाऊसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. बूट घातले. माझ्याकडून फाइल घेतली आणि लिहिलं, 'सदर शेडमध्ये होडीबांधणीचे काम चालू असल्याचे आढळून आले नाही. खेळण्यातील विमान एक नग आढळून आले.'

वाचून दाखवलं तेव्हा मेस्त्रींनी हात वर केला. मला वाटलं, आता तरी.

"साहेब, 'खेळण्यातील' नको. नुसते विमान लिहा."

भाऊसाहेबांनी तो शब्द खोडला, खोडलेल्या जागी आपली छोटी सही केली. त्याच्याखाली मेस्त्रींनी आपली मोठी सही केली, हळूहळू, मात्रा-वेलांटीसकट.

मी त्यांच्याशी महिनाभर बोलले नाही. आजही मला वाटतं, ते चुकले. ज्यांनी त्यांना प्रश्न विचारला त्यांचा प्रश्नच मुळात बेइमान होता, आणि बेइमान प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं देणं कोणी कोणाचं लागत नाही. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं असतं. पण मग त्यांनी 'कित्याक?' विचारलं असतं, आणि मला भीती होती की माझ्याकडे तिसऱ्या 'कित्याक'चं उत्तर नाही.

हुकूम आला. खोप पाडायला जेसीबी येणार त्याच्या आदल्या सकाळी मेस्त्रींनी स्वतः छप्पर उतरवायला घेतलं. खांबांवर खडूने आकडे घातले, कुठला खांब कुठे, खाच कोणत्या तोंडाला. जेसीबीचा ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी आला तेव्हा पाडायला काही शिल्लक नव्हतं. तो बिचारा मशीन बंद करून आढं टेम्पोत चढवायला हात लावत होता. बाबलने विचारलं, "मेस्त्रीनू, ह्यां न्हेतास खंय?" मेस्त्रींनी वर सड्याकडे बोट दाखवलं. गावाच्या पाठी चढ चढून गेलं की जांभ्या दगडाचं मोकळं पठार आहे, तिथे त्यांची चार काजूची झाडं होती.

"थय पाणी खंय आसा? होडी न्हेतलास कशी?"

"इमानाक पाणी खंय लागता?" मेस्त्री म्हणाले आणि टेम्पोत पुढे जाऊन बसले.

आम्ही अपील केलं. खोपीच्या जागेवर आता फरशी आहे, रविवारी तिथे गाड्या लागतात, पण अपील केलं आहे आणि मी ते सोडणार नाही. त्याच्यावर सही घ्यायला मी सड्यावर गेले ती आमची शेवटची भेट म्हणायची, कारण त्यानंतर मला समितीने देवगडकडे पाठवलं.

काजूला मोहोर होता. आठही खांब आपापल्या जागी उभे होते, फक्त उघडी बाजू ज्या दिशेने वारा येतो त्या दिशेला केलेली. मेस्त्रींनी अपील दोनदा वाचलं. मग बोट ठेवलं. "'खोप मोडण्यात आली', ह्यां खरां न्हय. मोडली खंय? ही काय उभी."

"काकानू, किनाऱ्यावरून तर गेली ना!"

"मगे तसां लिव."

मी 'मोडण्यात आली' खोडलं आणि वर लिहिलं, 'किनाऱ्यावरून हलवायला लावली'. त्यांनी ते वाचलं, मान डोलावली. सही केली. कागद माझ्या हातात देऊन विमान उचललं, वाऱ्याकडे तोंड करून स्वतःच फेकलं आणि रिमोट छातीशी धरून त्याच्यामागे चालू लागले. जांभ्याच्या खडबडीत दगडांवरून, मान पूर्ण वर करून, एकदाही पायांकडे न बघता.

"खाली बघून चला!" काकी खोपीतून ओरडली. "पडतलास!"

त्यांनी खाली बघितलं नाही.